रॉक बँडच्या अल्बमचे मुखपृष्ठ कसे करावे

पुण्यातील एका रॉक बँडसाठी मी आतापर्यंत चार अल्बमची मुखपृष्ठे केली आहेत. पहिले करताना मला चित्र चांगले काढता येत होते, परंतु मुखपृष्ठ हे वेगळे काम आहे आणि त्याची शिस्त वेगळी आहे, हे समजायला तिसरा अल्बम उजाडावा लागला. कलाशिक्षण घेतलेल्या अनेक तरुणांना आज ओळखीच्या एखाद्या बँडकडून अशा कामाची विचारणा होते, आणि त्यांना मार्ग दाखवणारे मराठीत फारसे काही सापडत नाही, म्हणून हे काम आरंभापासून अखेरपर्यंत कसे करावे ते येथे लिहीत आहे. यातील प्रत्येक सूचनेमागे माझी एकच धारणा आहे, ती आधीच सांगते. मुखपृष्ठाची कल्पना बँडच्या आवाजातून आणि त्यांच्या सरावाच्या खोलीतून शोधून काढावी लागते, आणि ती सापडल्यावर तिच्याभोवतीचे जे जे अनावश्यक आहे ते निर्दयपणे काढून टाकावे लागते.

ऐकणे

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी संपूर्ण अल्बम गाण्यांच्या ठरलेल्या क्रमाने, मध्ये न थांबता, किमान तीन वेळा ऐकावा. बीटल्सने १९६६ साली 'रिव्हॉल्व्हर'च्या मुखपृष्ठाचे काम क्लाउस फोरमन या जर्मन चित्रकाराकडे सोपवले, तेव्हा हँबुर्गपासूनची त्यांची मैत्री असूनही त्याला आधी स्टुडिओत बोलावून नवी गाणी ऐकवण्यात आली. त्या गाण्यांतील उलट्या दिशेने वाजवलेल्या टेप आणि विचित्र आवाज ऐकल्यानंतरच त्याने काळ्या शाईच्या रेषेने चार चेहरे काढले आणि त्यांच्या केसांच्या गुंत्यात छायाचित्रांची कात्रणे पेरली. त्या मुखपृष्ठाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रंगीबेरंगी मुखपृष्ठांच्या त्या काळात केवळ काळ्या-पांढऱ्या रंगात काम करण्याचे धाडस त्याला त्या ऐकण्यातूनच आले असावे, असे मला वाटते.

मी पहिल्यांदा ऐकताना काहीही लिहीत नाही. दुसऱ्या वेळी समोर वही ठेवते, पण तिच्यात चित्र काढत नाही, फक्त शब्द लिहिते: हा आवाज कोणत्या वेळेचा आहे, पहाटेचा की भर दुपारचा, तो कोणत्या पदार्थाचा आहे, लोखंडाचा, ओल्या मातीचा की काचेचा, गायक जवळून बोलतो आहे की जिन्याच्या वरून ओरडतो आहे. तिसऱ्या वेळी कानात हेडफोन घालून चालायला जाते. या तीन वेळा ऐकण्यातून वहीत जे शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्याखाली रेघ ओढावी. गाण्याच्या ओळींतील वस्तू मात्र उचलून चित्रात ठेवू नयेत. गाण्यात रेल्वे आली म्हणून मुखपृष्ठावर रेल्वे काढली, तर ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या रेल्वेची कल्पना करायला जागाच उरत नाही. नवख्या कलाकाराच्या हातून सर्वांत जास्त वेळा हीच चूक होते, आणि माझे पहिले मुखपृष्ठ याच चुकीने बिघडले होते.

त्यानंतर बँडशी बोलावे. "तुम्हाला मुखपृष्ठ कसे हवे?" हा प्रश्न मुळीच विचारू नये, कारण त्याच्या उत्तरादाखल दुसऱ्या बँडच्या मुखपृष्ठांची नावे येतात आणि मग तुम्ही नकळत त्यांची नक्कल करू लागता. त्याऐवजी, हा अल्बम मागच्या अल्बमपेक्षा वेगळा कोठे झाला, कोणत्या गाण्यावरून तुमच्यात वाद झाला, कोणते गाणे सर्वांत उशिरा जमले, असे प्रश्न विचारावेत. उत्तरे देताना प्रत्येक जण कोणते विशेषण वापरतो ते टिपून घ्यावे. कधी कधी एका वाक्यात सर्व दिशा मिळते. पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटने हिप्नोसिस या लंडनच्या संस्थेकडे या खेपेला काहीतरी साधे आणि नीटस द्या अशी मागणी केली, आणि त्यातून १९७३ साली 'द डार्क साइड ऑफ द मून'चा त्रिकोणी लोलक जन्माला आला.

बँडचे म्हणणे अर्धवट ऐकले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या भिंतींवरच्या चित्रांशी जोडलेले आहे. जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ सालच्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' या अल्बमच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या विराट रूपाचे, आपल्याकडे कॅलेंडरांवर दिसते तसे छापील चित्र घेऊन त्यात हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे रंगवले आहेत. हेंड्रिक्सला स्वतःला मात्र अमेरिकेतील मूलनिवासींचा आपला वारसा अधिक जवळचा होता, आणि मुखपृष्ठावर तो यायला हवा होता असे त्याचे म्हणणे होते. चित्र देखणे आहे, परंतु इंग्रजीत 'इंडियन' या ज्या एका शब्दाने भारतीय माणूस आणि अमेरिकेतील मूलनिवासी हे दोघेही ओळखले जातात, त्या शब्दाचा अर्थ कोणीतरी एकदा विचारून घ्यायला हवा होता.

सरावाची खोली

बँडच्या सरावाला जाऊन एक संपूर्ण संध्याकाळ कोपऱ्यात बसावे. माझा बँड कर्वे रस्त्याजवळील एका इमारतीच्या तळघरात सराव करतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या आणि गालिचे ठोकलेले आहेत, जमिनीवर काळ्या चिकटपट्टीने प्रत्येकाच्या उभे राहण्याची जागा आखलेली आहे, आणि पावसाळ्यात तेथे ओल्या कापसाचा वास येतो. तिसऱ्या अल्बमच्या वेळी मी तेथे दोन तास बसले होते आणि माझ्या हाती काहीही लागले नव्हते. सराव संपल्यावर ड्रमर आपल्या झांजा, म्हणजे सिंबल, स्टँडवरून काढून कापडात गुंडाळू लागला, तेव्हा त्यातली अठरा इंची एक झांज मला वेगळी दिसली. तिच्या काठापासून आत, साधारण तीन बोटे लांबीचा तडा गेलेला होता, आणि जेथे तो संपत होता तेथे ड्रिलने एक लहान गोल छिद्र पाडलेले होते.

मी विचारले, तेव्हा त्याने ती माझ्या हातात दिली. "तडा पुढे सरकू नये म्हणून भोक पाडलंय, ताई," तो म्हणाला. "आवाज जरा कोरडा झालाय, पण पूर्ण रेकॉर्डिंगला हीच वापरलीय."

माझ्या वहीत त्या अल्बमसाठी 'कोरडा', 'थांबवलेले' आणि 'फुटण्याच्या बेतात' हे तीन शब्द अधोरेखित झालेले होते. ते तिन्ही त्या एका वस्तूत होते. शिवाय तो आवाज ज्या पितळी तबकडीतून प्रत्यक्ष निघाला होता, तीच माझ्या हातात होती. सरावाच्या खोलीत जाण्याचे कारण हेच आहे. तेथील वस्तूंवर त्या संगीताच्या खुणा आधीच उमटलेल्या असतात. आपण फक्त त्या ओळखायच्या असतात. म्हणून तेथे जाताना कॅमेरा न्यावा, परंतु पहिला तासभर तो पिशवीतच ठेवावा.

कच्ची रेखाटने आणि बँडची बैठक

कच्ची रेखाटने पाच सेंटिमीटरच्या चौकोनात आणि केवळ काळ्या शाईने करावीत. मोठ्या कागदावर रंगात केलेले रेखाटन आपल्यालाच भुरळ घालते आणि मग कल्पना दुबळी असली तरी ती टाकवत नाही. मी साधारण पंधरा चौकोन भरते आणि त्यांतील तीन निवडते. ज्या रेखाटनावर पुढे दोन महिने काम करण्याची आपली इच्छा नाही, ते बँडला दाखवूच नये, कारण निवड नेमकी त्याचीच होते.

दाखवताना ते फोनवरील गटात पाठवू नये. तेथे पहिला जो बोलतो त्याच्यामागे बाकीचे जातात, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी भाऊ किंवा मैत्रीणही मत देऊ लागते. सर्वांना एका टेबलाभोवती बोलवावे, तिन्ही रेखाटने प्रत्यक्ष आकारात छापून समोर ठेवावीत, अल्बम लावावा आणि पहिले गाणे संपेपर्यंत कोणीही बोलू नये अशी विनंती करावी. पिंक फ्लॉइडपुढे हिप्नोसिसने सात पर्याय ठेवले होते आणि चौघांनीही लोलकच निवडला. चांगल्या पर्यायाच्या बाबतीत असा झटपट निर्णय होतो, हे मी दोन वेळा अनुभवले आहे. निर्णय लांबत चालला, तर तिन्ही पर्याय बाजूला ठेवून पुन्हा ऐकायला बसावे. तीन पर्यायांचे तुकडे जोडून चौथा करण्याची मागणी आली तर ती नम्रपणे पण ठामपणे नाकारावी.

त्या लोलकाच्या चित्रातून शिकण्यासारखे आणखी एक आहे. त्याची कल्पना पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील चित्रासारखी, प्रत्येकाने शाळेत पाहिलेली आहे. रेखाटनकार जॉर्ज हार्डी याने ती काळ्या पार्श्वभूमीवर आणली, सप्तरंगांतील पारवा वगळून सहाच पट्टे ठेवले, आणि आतल्या पानांवर तीच प्रकाशरेषा हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखासारखी पुढे चालवली, कारण अल्बमची सुरुवात आणि शेवट त्याच ठोक्यांनी होतो. म्हणजे ओळखीची वस्तू, तिच्यातील एक नेमकी वजाबाकी आणि संगीताशी एक खरा धागा, इतक्यावर हे काम उभे आहे. जॉय डिव्हिजनच्या १९७९ सालच्या 'अननोन प्लेझर्स'बाबतही हेच म्हणता येईल. त्यावरील उंचसखल रेषा सीपी १९१९ या स्पंदक ताऱ्याच्या रेडिओ लहरींच्या आहेत. हॅरॉल्ड क्राफ्ट या अमेरिकन संशोधकाच्या १९७० सालच्या प्रबंधातून ती आकृती एका खगोलशास्त्रीय ज्ञानकोशात आली आणि तेथून ती बँडने उचलली. मुखपृष्ठकार पीटर सॅव्हिलने तिच्यात मुख्यतः एकच बदल केला: पांढऱ्यावर काळी असलेली आकृती त्याने काळ्यावर पांढरी केली.

चौकोन, आणि नखाएवढा चौकोन

लाँग प्लेच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, वेष्टनाची बाजू साधारण ३१.५ सेंटिमीटर असते, सीडीच्या पुस्तिकेची १२ सेंटिमीटर, आणि फोनवरील गाण्यांच्या यादीत तेच मुखपृष्ठ जेमतेम एक सेंटिमीटरचे उरते. आज बहुसंख्य श्रोते ते सर्वप्रथम या शेवटच्या आकारात पाहतात. म्हणून चित्राची मूळ रचना त्या आकारात उभी राहिली पाहिजे, आणि मोठ्या आकारात पाहणाऱ्याला त्यापलीकडे आणखी काहीतरी मिळाले पाहिजे.

झांजेचे चित्र मी प्रथम अगदी निष्ठेने काढले. झांजेच्या पृष्ठभागावर लेथने उमटलेल्या वर्तुळाकार खाचा असतात. ती सर्व, शेकडो बारीक वर्तुळे, मी ०.१ मि.मी.च्या पेनने तीन आठवडे काढत होते. मूळ चित्र सुंदर झाले होते. ते लहान करून फोनवर पाहिले तेव्हा वर्तुळांचा एक राखाडी ढग झाला होता, तडा पूर्णपणे नाहीसा झाला होता, आणि उरलेली वस्तू जेवणाच्या ताटासारखी दिसत होती. मग मी तड्याची रुंदी जवळजवळ दुप्पट केली, त्याच्या दोन्ही बाजूंना वर्तुळे थोडी आधीच तोडली, म्हणजे तड्याभोवती उजळ कड राहिली, आणि छिद्र पूर्ण काळे न ठेवता त्यातून पाठीमागचा तांबडा रंग दिसू दिला. त्या एका तांबड्या ठिपक्याने काम केले. एक सेंटिमीटरच्या आकारातही नजर आधी ठिपक्यावर जाते आणि तेथून तड्याच्या मार्गाने बाहेर पडते. मोठ्या आकारात तीच वर्तुळे आता हव्या तितक्या वेळ पाहता येतात. प्रत्येक टप्प्यावर चित्राचे छायाचित्र काढून ते फोनवर नखाएवढे करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. हे मी पहिल्या आठवड्यातच केले असते, तर माझे दोन आठवडे वाचले असते.

चौकोनाचे स्वतःचे हट्ट असतात. लेड झेपेलिनच्या १९७५ सालच्या 'फिजिकल ग्राफिटी'साठी पीटर कॉरिस्टनने न्यूयॉर्कमधील सेंट मार्क्स प्लेस येथील जोडइमारत निवडली, परंतु ती पाच मजली होती आणि चौकोनात बसेना; तेव्हा छायाचित्रातून तिचा एक मजलाच काढून टाकण्यात आला. इमारतीच्या खिडक्या कापून त्यांतून आतल्या वेष्टनावरील चित्रे दिसावीत, हा त्या मुखपृष्ठाचा आत्मा होता, आणि त्यासाठी एका मजल्याचा त्याग योग्यच होता. मध्यभागी गोल वस्तू असेल तर ती चौकोनाच्या केंद्रापासून किंचित वर किंवा बाजूला सरकवावी, अन्यथा ती शिक्क्यासारखी निर्जीव दिसते. माझी झांज उजव्या कडेला थोडी कापली गेलेली आहे, त्यामुळे ती अजून हलते आहे असे वाटते.

एकाच बँडबरोबर अनेक अल्बम करायचे असतील, तर सातत्य कशात ठेवायचे हे दुसऱ्या अल्बमच्या वेळीच ठरवावे. रॉजर डीनने येस या बँडसाठी १९७१ पासून तरंगत्या बेटांची आणि अधांतरी खडकांची एक सृष्टीच उभी केली आणि १९७२ साली त्यांचे वळणदार नाममुद्रेचे चिन्ह तयार केले. त्याचे शिक्षण फर्निचर आणि औद्योगिक रचनेचे होते, आणि त्याच्या खडकांना जे वजन जाणवते ते मला त्या शिक्षणाचे फळ वाटते. आयर्न मेडनच्या बाबतीत डेरेक रिग्जने बँडशी संबंध येण्यापूर्वीच रंगवलेले एक भेसूर पात्र १९८० साली पहिल्या अल्बमवर आले आणि कायमचे त्यांचे झाले. बँडच्या व्यवस्थापकाने सुचवलेला बदल इतकाच होता की त्या पात्राला केस अधिक हवेत, म्हणजे ते पंक वाटणार नाही.

अक्षरे

बँडचे नाव देवनागरीत असेल, तर शिरोरेषा हे तुमचे सर्वांत मोठे भांडवल आहे असे समजावे. ती लांबवता येते, तोडता येते, तिच्यावर चित्रातील एखादी वस्तू टेकवता येते. हेवी मेटलच्या धाटणीची काटेरी अक्षरे रोमन लिपीत चालतात. देवनागरीत तेच काटे वेलांटी, मात्रा आणि रफार यांच्याशी भांडू लागतात आणि नाव वाचता येत नाही. म्हणून अलंकरण शिरोरेषेवर किंवा अक्षरांच्या दांड्यांच्या टोकांवर करावे आणि मात्रांची जागा मोकळी सोडावी. जोडाक्षर असलेले नाव प्रथम बोरूने किंवा कापलेल्या निबने कागदावर वीस-पंचवीस वेळा लिहून पाहावे. हातातून जे वळण सहज उतरते तेच पुढे संगणकावर टिकते. तयार फॉन्ट ताणून किंवा दाबून वापरणे टाळावे, कारण त्यात उभ्या आणि आडव्या रेषांच्या जाडीचा तोल बिघडतो आणि तो बिघाड सामान्य वाचकालाही खटकतो.

नाव कोठे ठेवावे, याचा जुना नियम दुकानातून आला. मुंबईच्या काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले, परंतु तेथे खोक्यांत उभ्या ठेवलेल्या रेकॉर्ड बोटांनी चाळलेल्या पिढीला ठाऊक आहे की वेष्टनाचा फक्त वरचा भाग नजरेस पडतो, आणि म्हणून नाव वरच्या तृतीयांशात असे. आज हे बंधन उरलेले नाही. नाव मुळीच न छापण्याचा पर्यायही आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७० सालच्या 'ॲटम हार्ट मदर'वर केवळ एक गाय मागे वळून पाहते आहे. पण त्या वेळी पिंक फ्लॉइडला लोक ओळखत होते. ज्या बँडचा पहिलाच अल्बम आहे, त्यांचे नाव काढून टाकू नये.

छापखाना

छपाईची फाइल पाठवण्यापूर्वी छापखान्याकडून त्यांचा स्वतःचा आराखडा मागवून घ्यावा, कारण कण्याची रुंदी आणि घड्यांच्या जागा प्रत्येक ठिकाणी थोड्या निराळ्या असतात. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मि.मी. चित्र जादा सोडावे आणि कोणतेही अक्षर कडेपासून किमान ५ मि.मी. आत ठेवावे. लाँग प्लेच्या वेष्टनासाठी इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने जादा कडेसह सुमारे ३८०० पिक्सेलची बाजू लागते. डिजिटल वितरक बहुधा ३००० × ३००० पिक्सेलची, आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांतील चौकोनी प्रतिमा मागतात आणि तिच्यावर संकेतस्थळाचा पत्ता, किंमत किंवा समाजमाध्यमांची चिन्हे असतील तर ती परत पाठवतात. छपाईची फाइल आणि ही फाइल वेगवेगळ्या तयार कराव्यात. एकीपासून दुसरी घाईघाईत बदलून घेऊ नये.

काळा रंग ही रॉक बँडच्या मुखपृष्ठांची कायमची परीक्षा आहे. आमच्या दुसऱ्या अल्बमची पार्श्वभूमी पूर्ण काळी होती आणि मी फाइलमध्ये फक्त काळी शाई शंभर टक्के दिली होती. वेष्टने छापून आली तेव्हा तो काळा रंग जुन्या पाटीसारखा करडा आणि ठिकठिकाणी सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके असलेला दिसला. मोठ्या क्षेत्राला काळ्या शाईच्या खाली इतर शायांचा आधार लागतो. मी आता निळी ६०, किरमिजी ४०, पिवळी ४० आणि काळी १०० टक्के असे प्रमाण देते. परंतु याच काळ्यावर पांढरी बारीक अक्षरे सोडली, तर चारही शायांच्या प्लेटा तंतोतंत न जुळल्यास अक्षरांच्या कडा रंगीत होऊन ती बुजतात, म्हणून अशी अक्षरे सात पॉइंटपेक्षा लहान ठेवू नयेत आणि बारीक टोकांचे फॉन्ट टाळावेत. याउलट, पांढऱ्यावरची लहान अक्षरे केवळ काळ्या शाईतच छापावीत. नमुना प्रत संगणकाच्या पडद्यावर मान्य करू नये. छापखान्यात जाऊन, ठरलेल्याच कागदावर, शक्य असेल तर दिवसाच्या उजेडात ती पाहावी आणि तिच्यावर तारखेसह सही करून एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. दुसऱ्या अल्बमच्या वेळी मी हे केले नव्हते, आणि ती संपूर्ण आवृत्ती तशीच विकावी लागली.

वेष्टनाला कापलेली खिडकी, उठाव किंवा एखादी वस्तू जोडायची असेल, तर आधी पन्नास प्रतींची चळत रचून आठवडाभर ठेवावी. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ सालच्या 'स्टिकी फिंगर्स'वर खरी झिप लावली होती. वाहतुकीत एकावर एक रचलेल्या रेकॉर्डवर तिचा दाब पडून त्या खराब होऊ लागल्या. शेवटी झिप कारखान्यातच थोडी खाली ओढून ठेवण्याचा उपाय निघाला, म्हणजे तिचा कडक भाग रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलावर येऊन टेकला आणि खाचा वाचल्या.

करार आणि परवानग्या

मैत्रीच्या बँडशीही लेखी करार करावा. रोलिंग स्टोन्सचे जीभ बाहेर काढलेले ओठ लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा विद्यार्थी जॉन पाश याने १९७० साली केले. मिक जॅगरने त्याला कालीमातेचे एक कॅलेंडरवरचे चित्र दाखवले होते आणि तिच्या जिभेपासून ती कल्पना सुरू झाली. त्या कामाचे त्याला ५० पौंड मिळाले, नंतर आणखी २०० पौंड. पुढे ते चिन्ह जगभर कपड्यांवर छापले गेले. मुखपृष्ठ आणि त्यावरून निघणाऱ्या टी-शर्ट, भित्तिपत्रके आदी वस्तू यांचा हिशेब सुरुवातीपासून वेगळा का मांडावा, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील तीन कलमे प्रत्येक चित्रकाराने वाचलेली असावीत. कलम १७ नुसार, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते करवून घेणारा असतो. म्हणजे करार केला नाही, तर तुमचे रंगचित्र बँडच्या मालकीचे होऊ शकते. कलम १९ नुसार हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. कलम ५७ मुळे चित्राचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि त्याच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही तुमच्याकडे राहतो. मी करारात हक्क माझ्याकडे ठेवून मुखपृष्ठ आणि त्याच्या जाहिरातीपुरता वापर बँडला देते, टी-शर्टसाठी विक्रीतील वाटा वेगळा लिहिते, दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन ठरवते, आणि मानधनाचा अर्धा भाग काम सुरू होण्यापूर्वी घेते. बँडजवळ पैसे नसतील तर रक्कम कमी करावी, अटी कमी करू नयेत.

चित्रात दुसऱ्याचे छायाचित्र, चेहरा किंवा चित्र येणार असेल, तर परवानगीची पत्रे रेखाटन मान्य होताच पाठवावीत. बीटल्सच्या १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर'साठी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी उभ्या केलेल्या गर्दीत महात्मा गांधींची आकृतीही होती. भारतातील लोकांच्या भावना दुखावतील या भीतीने ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी ती काढायला लावली. एका अभिनेत्याने आपल्या चेहऱ्यासाठी ४०० डॉलर मागितले, म्हणून त्यालाही वगळावे लागले. इतक्या मोठ्या कंपनीला जे अखेरच्या क्षणी करावे लागले, ते लहान बँडला परवडत नाही.

मूळ चित्र

काम संपल्यावर बँडला फाइली द्याव्यात, मूळ चित्र मात्र आपल्याकडे ठेवावे किंवा वेगळ्या किमतीला विकावे. किंग क्रिमसनच्या १९६९ सालच्या पहिल्या अल्बमवरील किंचाळणारा चेहरा बॅरी गॉडबर या संगणक प्रोग्रॅमरने आरशात स्वतःकडे पाहून रंगवला होता. अल्बम आल्यानंतर काही महिन्यांतच, १९७० च्या फेब्रुवारीत, तो चोविसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याच्या हातून झालेले हे एकच मुखपृष्ठ. ते मूळ चित्र पुढे व्यवस्थापन कंपनीच्या कार्यालयात प्रखर उजेडात टांगलेले राहिले आणि खराब होईल या भीतीने बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याने ते तेथून काढून आणले.

चित्र आम्लरहित कागदात गुंडाळून आडवे ठेवावे आणि आपल्या हवेत दर पावसाळ्यानंतर उघडून बुरशी पाहावी. पाठीमागे पेन्सिलीने तारीख, कागदाचे आणि शाईचे नाव, आणि चित्राचा कोणता भाग संगणकावर बदलला ते लिहून ठेवावे, कारण दहा वर्षांनी बँडला अल्बम पुन्हा काढायचा असतो आणि तेव्हा हे कोणालाही आठवत नाही. माझ्या झांजेच्या चित्रामागे तांबड्या ठिपक्याचे चार शायांतील प्रमाण लिहिलेले आहे, आणि त्याखाली ड्रमरकडून मोजून घेतलेली छिद्राची खरी रुंदी: ५ मि.मी.